ओव्याच्या वासाची धार

मी दारू गाळत होतो, हे खरं आहे. गावातले दोन-चार म्हातारे अजून ते नातवंडांना सांगतात, त्यात खोटं काही नाही. पण ते अर्धंच सांगतात. दारू गाळली आणि जन्मात एक थेंब जिभेला लावला नाही, हे सांगायचं विसरतात. माझ्या गळ्यात लहानपणापासून तुळशीची माळ आहे. माळ घातली की मटण नाही, दारू नाही. माळकऱ्यानं दारू गाळली म्हणजे काय, असं विचारतात. मी विचारतो, सोनार गाळतो तेवढं सगळं सोनं स्वतःच्याच अंगावर घालतो काय?

शाळा म्हणाल तर मी दुसरीत बसलो आणि दुसरीतूनच उठलो. तेव्हा लिहिण्यात वेलांटी इकडची तिकडं झाली तर वाचणाऱ्यानं ती जागेवर लावून घ्यावी. हकीकत मात्र जागेवर आहे.

आमचं गाव चाकणच्या अलीकडं. गावाच्या शिवेवर म्हसोबा आहे. शेंदूर लावलेला धोंडा, वर करंजाचं झाड, एवढंच देऊळ. आखाडातल्या अवसेला गाव त्याला नैवेद्य दाखवतं. कोंबडं, भाकरी, आणि शेवटी दारूची धार. ही धार धरायचा मान आमच्या घराचा. बाहेरचा माणूस हे ऐकतो आणि हसतो, की माळकऱ्याच्या घराला दारूचा मान कसा. त्याला कारण आहे. फार पूर्वी हा मान घरोघर फिरायचा. ज्याच्याकडं मान, त्याच्या घरी आदल्या दिवशी बाटली यायची, आणि घरापासून शिवेपर्यंत जाईतो ती पाऊण व्हायची, अर्धी व्हायची. एका वर्षी म्हणे देवापुढं नुसतं बूच पोचलं. तेव्हा पंच बसले आणि त्यांनी ठरवलं, बाटली माळकऱ्याच्या घरी ठेवायची. भरलेली नेईल तर तोच नेईल. तेव्हापासून मान आमचा. आमच्या घरात पैसा नव्हता, जमीन म्हणावी तर दगडच जास्त, पण अवसेच्या दिवशी गाव आमच्या मागून चालायचं. पाटीलसुद्धा मागून चालायचा. हे ज्याच्या घरात नाही त्याला त्याची किंमत कळायची नाही.

मग सरकारनं दारूबंदी केली. चाकणचं दुकान बंद झालं. वडील नियमाचे माणूस, त्यांनी काळा चहा बाटलीत भरला आणि त्याची धार धरली. रंग तोच होता. म्हसोबा काही बोलला नाही. पण पुढच्या महिन्यात पाटलाची म्हैस गाभडली आणि गुरवाची भिंत पडली, आणि लोक चहाकडं बोट दाखवायला लागले. भिंत मातीची होती आणि पाऊस लागला होता, ते कुणी बघितलं नाही. पुढं जितकी वर्षं वडील होते तितकी वर्षं त्यांनी चहाच ओतला, आणि गावात ज्याचं जे बिघडलं ते त्या चहावर गेलं.

वडील वारले ते दिवाळीनंतर. तेराव्याचं जेवण उठलं आणि माझा चुलतभाऊ पारावर हात वाळवत बोलला. हा माझ्यापेक्षा थोरला. यानं माळ केव्हाच काढून खुंटीला टांगली होती, आणि मान आपल्या घरात यावा असं त्याच्या मनात पहिल्यापासून होतं.

तो म्हणाला, "चुलता देवमाणूस. त्यो गेला, त्याच्यासंगं त्याचा चहाबी गेला. येत्या आखाडाला धार दारूची पायजे. जो आनंल त्याचा मान."

पंच सुपारी चघळत होते. त्यांनी मान हलवली. पंचांचं तसंच असतं, जेवण झालेलं असलं की कुणाच्याही बोलण्याला मान हलवतात.

मी म्हणालो, "मी आनतो की."

"कुठनं रं? फ्याक्टरीत नळ हाय का दारूचा?"

"तुला काय करायचं? देवाला पोचल्याशी मतलब."

"न्हाई, आपलं इचारलं. भट्टीवाल्याच्या दारात माळकरी उभा ऱ्हायला तर लोकं भट्टीला नारळ फोडतील."

सगळे हसले. माझ्या बापाच्या तेराव्याला हसले. मी तिथल्या तिथं ठरवलं, की कुणाच्या दारात उभं राहायचं नाही. धार माझ्या घरची, मग दारूही माझ्या घरची.

मी तेव्हा पिंपरीला एका कारखान्यात बॉयलरवर कोळसा ओढायला होतो. सायकलीवर भोसरीवरून जायचं, सायकलीवर यायचं. त्या वेळी भोसरी म्हणजे बाभळी आणि ज्वारी. कारखान्यात एका खोलीत पाण्याची वाफ करायचे आणि त्या वाफेचं परत पाणी करायचे. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं, साहेबाला उद्योग नसावा. पाणी घ्यायचं, तापवायचं, उडवायचं आणि पकडायचं, तर शेवटी पाणीच. पण मी जाता-येता दारात उभा राहायला लागलो. नळीच्या टोकाला थेंब धरतो, फुगतो, लोंबतो, आता पडला म्हणेतो पडत नाही, आणि आपण डोळा मिटला की पडतो. मुकादम ओरडेपर्यंत मी बघत असे. मला कुस्ती बघायला तेवढी गोडी लागली नाही, तमाशा तर मी बघितलाच नाही. तेव्हा मानाचा प्रश्न निघाला नसता तरी मी कधीतरी घरी हे केलंच असतं. माणसाला एखादा नाद लागायचाच असतो. कुणाला बैलांचा लागतो, कुणाला कबुतरांचा. मला थेंबाचा लागला.

भांडं घरातच होतं. बायकोच्या रुखवतात आलेला तांब्याचा हंडा. गळ्याशी वितभर रुंद, पोटाशी दोन घागरी पाणी मावेल असा. त्याच्या पोटाच्या खालच्या अंगाला माझ्या सासऱ्याचं नाव कोरलेलं होतं, बापाच्या नावासकट, गावासकट, 'तालुका खेड' सकट. आमच्यात भांडं दिलं की नाव घालतात. माझ्या सासऱ्यानं ते जरा ठळकच घातलं होतं, म्हणजे जावयाला आंघोळीचं पाणी घेताना रोज वाचता यावं.

बायको म्हणाली, "माझ्या बाच्या हंड्यात दारू? बा दारूबंदीच्या मंडळाचा म्होरक्या हाय, ठावं हाय न्हवं?"

"ठावं हाय. म्हणून तर दारू न्हाई करायची. अर्क करायचा."

"कशाचा?"

समोर ओवा वाळत घातला होता. मी म्हणालो, "ओव्याचा."

तिला ते पटलं. तिचं पोट नेहमी दुखायचं.

झाकणाला नळी बसवायची तर तांब्याचं काम येणारा माणूस पाहिजे. चाकणच्या बाजारात एक कल्हईवाले चाचा बसायचे. आमच्या गावची सगळी भांडी तेच उजळायचे. आजूबाजूला ऐकणारं कुणी नाही हे बघून मी त्यांना खरं सांगितलं, कारण नळीला कल्हई कशी करायची ते कामावर ठरतं, आणि कारागिराशी खोटं बोललं की काम बिघडतं. त्यांनी भात्यावरचा पाय थांबवला.

"तुम्ही पिता?"

"न्हाई. माळ हाय."

"मी पण नाही पीत. मग हे कोणासाठी?"

"देवासाठी."

चाचांनी विचार केला. "तुमच्या देवाकडे परमिट आहे का?"

त्या वेळी ज्याला प्यायची असेल त्याला सरकारचं परमिट लागायचं. मी म्हणालो, "देव सरकारच्या आधीचा हाय."

"तरी विचारून घ्या," चाचा म्हणाले. पण नळी त्यांनी करून दिली, आतून कल्हई करून, आरशासारखी. वर म्हणाले, "मला हे माहीत नाही. मी ओव्याची नळी बनवली."

"ओव्याचीच हाय, चाचा."

तर मी ओवा चढवला. चोरून नाही. आठवड्याच्या सुट्टीला, भर उन्हात, घराच्या मागच्या अंगणात. अंधारात करतात ते चोर. झाकणाच्या कडेला कणीक थापली, नळी पाण्याच्या मडक्यातून काढली, टोकाला बाटली ठेवली आणि उकिडवा बसलो. पहिला थेंब यायला इतका वेळ लागला की बायको दोनदा येऊन माझ्याकडं बघून गेली, दुसऱ्यांदा जरा काळजीनं. मग तो आला. पुढं मी काय सांगू? थेंब आला. ज्याला कळतं त्याला कळतं.

त्या हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात मी ओवा काढला, पुदिना काढला, बडीशेप काढली. एकदा वाळा काढला तेव्हा सगळ्या आळीला वास सुटला आणि शेजारणीनं विचारलं, घरात कुणाचं लगीन निघालंय का. जाळ जास्त झाला की अर्काला धुराची चव येते असं बायको सांगायची. ओवा प्यायला मला माळेची अडचण नव्हती, पण मला चवीत रस नव्हता. मला तो काढण्यात होता. जाळ किती ठेवायचा, मडक्यातलं पाणी कधी बदलायचं, हे हाताला कळायला लागलं. लोक वाटीभर ओव्याचा अर्क मागून न्यायचे. पोर रडलं की आमच्या दारात. चाकणपर्यंत बाटल्या गेल्या. पैसे मी घेतले नाहीत. नादाचे पैसे घेतले की तो धंदा होतो, आणि धंद्यात दुसऱ्याचं ऐकावं लागतं.

पाऊस लागला तसा मी गूळ भिजवला. बायकोनं बघितलं. माठाजवळून जाताना ती पदर नाकाला लावायची, एवढंच. भिजवलेला गूळ बोलायला लागला, बुडबुड करायला लागला, तेव्हा ती म्हणाली, "ह्यो कसला अर्क?"

"गुळाचा."

"पोटावर?"

"म्हसोबाच्या."

ती त्या दिवशी जेवली नाही. दुसऱ्या दिवशी जेवली. मी हंडा चढवला.

एक बाटली आली. पाण्यासारखी स्वच्छ. आता ही दारू झाली की नुसतं गरम होऊन थंड झालेलं पाणी, ते मला कसं कळावं? कारखान्यातही शेवटी पाणीच पडायचं. मी चाखणार नाही, बायको चाखणार नाही. गावात एकच जाणता माणूस होता, पलटणीतून पेन्शन घेऊन आलेले सुभेदार. मिशा पांढऱ्या, पाठ ताठ, आणि बंदी आल्यापासून चेहरा उतरलेला. मी त्यांना मागच्या अंगणात बोलावलं आणि वाटीत थोडी ओतली.

सुभेदारांनी वास घेतला. डोळे मिटले. घेतली.

"काय, सुभेदार?"

"थांब. जीभ विसरली आहे. आठवू दे."

मी अजून थोडी ओतली.

"आता?"

"ओवा आहे ह्यात."

"ओवा न्हाई घातला. हंड्याला वास हाय त्याचा."

"वास नाही, ओवा बसलाय आत ठाण मांडून. पण ओव्याच्या पाठीमागं काहीतरी आहे. ते कोण आहे ते बघायला अजून वाटीभर लागेल."

मी बाटलीला बूच लावलं. "ते देवाला बघू द्या."

"अरे, दारू आहे, चांगली आहे! फर्स्ट क्लास!" सुभेदार म्हणाले. पण ते बाटली आत जाताना म्हणाले. इतकी वर्षं कोरडा राहिलेला माणूस गोमूत्रालाही फर्स्ट क्लास म्हणाला असता. तेव्हा मला काही कळलं नाही. बाटलीत काय आहे हे न कळताच मी ती देवघरात ठेवली. तिथं कुणी हात लावत नाही.

हंडा मात्र मी घरात ठेवला नाही. जमादार गावोगाव भट्ट्या बघत फिरतो अशी कुणकुण होती. ओढ्याच्या काठाला निरगुडीची जाळी आहे, तिच्यात गुळाचा माठ नेऊन ठेवला आणि शेजारी हंडा पालथा घातला. पालथा घातला म्हणजे आत पावसाचं पाणी जायला नको, भांडं खराब होऊ नये. पण हंडा पालथा घातला की काठ खाली जातो आणि खालच्या अंगाची अक्षरं वर, बघणाऱ्याच्या समोर येतात, हे माझ्या ध्यानात आलं नाही. आणि आलं असतं तरी मी तो उताणा ठेवला नसता. तांब्याला काय करायचं ते मला कळतं.

मी कामावर असताना जमादार आला. नवीन होता. जाळीत त्याला हंडा सापडला, शेजारी गुळाचा माठ. मुद्देमालावर मालकाचं नाव, गाव, तालुका. त्या बिचाऱ्याला नोकरीत असा मुद्देमाल पहिल्यांदाच मिळाला असेल. त्यानं पारावर बसलेल्यांना विचारलं, हा हंडा कुणाचा? कुणी बोललं नाही. गावाला माझा पुळका होता असं नाही. जमादाराला काही सांगायचं नाही, एवढा रिवाज होता. माझा चुलतभाऊही गप्प बसला, आणि ते मी त्याच्या बाजूनं लिहून ठेवतो. फक्त नंतर त्यानं सांगितलं म्हणतात, "बोलायची गरज काय, भांडंच बोलतंय."

जमादारानं शिपायाच्या डोक्यावर हंडा दिला आणि ते खेडच्या बाजूला माझ्या सासऱ्याच्या गावाकडं निघाले.

मी आलो तेव्हा बायको चुलीपुढं बसली होती आणि चूल पेटलेली नव्हती.

"बाच्या दारात शिपाई गेला," ती म्हणाली. "गावापुढं भाषण देतो त्यो, दारू पिऊ नका म्हणून. त्याच्या वट्ट्यावर त्याच्याच नावाचा हंडा."

"उद्या अवस हाय."

"मग?"

"मी जाऊन हंडा माझा म्हणलं, तर मला बसवून ठेवतील. उद्याची धार कोण धरंल?"

"तुमचा भाऊ धरंल."

"त्येच."

ती म्हणाली, "तुमच्या बानं चहा वतला, पन कुणाच्या बाला बेडी घातली न्हाई."

मी सायकल काढली. तिनं सांगितलं म्हणून नाही, मी उठायच्या बेतात होतोच.

चाकण ओलांडून पुढं चिखलात सायकल चालेना, तिथून ती खांद्यावर घेतली. सासऱ्याच्या ओसरीवर पोचलो तर दिवस अजून वर होता. जमादार घोंगडीवर बसून चहा पीत होता. शिपाई मान चोळत होता. मध्ये हंडा. सासरे भिंतीला टेकून बसले होते, पांढरी टोपी, पांढरे कपडे, आणि चेहऱ्यावर काही नाही. त्या माणसाच्या चेहऱ्यावर मुलीच्या लग्नातही काही नव्हतं.

मी उभ्या उभ्या म्हणालो, "हंडा माझा हाय."

सासरे म्हणाले, "तुमचा कसा, जावईबापू? वाचा की नाव."

"तुमी दिलेला न्हवं का, मामा?"

"आमी दिला तो पोरीला. तुमाला न्हाई."

जमादारानं चहा खाली ठेवला. "म्हणजे हंडा नक्की कुणाचा?"

सासरे म्हणाले, "नाव माझं, हंडा पोरीचा, आन आत काय शिजलं ते ह्यांना इचारा."

जमादार माझ्याकडं वळला. "काय शिजवत होतास?"

"ओवा."

हे खोटं नव्हतं. आखी थंडी आणि उन्हाळा त्यात ओवा शिजला होता. त्यानंतर दुसरंही काही शिजलं, पण ते त्यानं विचारलं नाही.

सासरे उठले. हंड्यापाशी गुडघे टेकले, टोपी काढून बाजूला ठेवली आणि तोंड आत घातलं. ते जरा जास्तच वेळ आत होते. आतून त्यांचा आवाज घुमून आला, "ओवा." मग बाहेर आले आणि जमादाराला म्हणाले, "बघा तुमीबी."

जमादारानं तोंड घातलं. त्याची टोपी आत पडली, ती काढण्यात आणखी वेळ गेला. बाहेर येऊन त्यानं टोपी हुंगली.

"ओवाच आहे," तो म्हणाला. मग माझ्याकडं नीट बघितलं. "अरे, पोरांच्या पोटदुखीचा अर्क देतो तो तूच का? आमच्याकडं चाकणात आहे बाटली. संपत आली."

"देतो की दुसरी."

"आणि तो गुळाचा माठ?"

सासरे म्हणाले, "पावसाळ्यात गुरांना गूळ घालतात, जमादारसाहेब. तुमी शहरातले दिसता."

जमादार साताऱ्याच्या कुठल्या खेड्यातला होता, पण शहरातला म्हटल्यावर त्याला बरं वाटलं असावं. तो उठला. शिपायानं हंड्याकडं बघितलं नाही, परत डोक्यावर द्यायचे म्हणून.

ते वळणाआड गेल्यावर सासऱ्यांनी टोपी घातली.

"जावईबापू, ओव्याच्या खाली काय हाय ते माझ्या नाकाला कळलं. बंदीच्या आधी मीबी घेत होतो. वाईट न्हाई जमली."

सुभेदारांनंतर ही दुसरी साक्ष, पण तीही रिकाम्या हंड्याच्या वासाची.

"हंडा हितं ऱ्हाईल," ते म्हणाले. "पोरीला दुसरा देतो. पितळंचा, बारका. त्याला नळी बसायची न्हाई."

"बरं."

"आन अवस उद्याच न्हवं? मग हितं काय करताय? घराण्याचा मान सोडून सासुरवाडीला ऱ्हातंय का कोन?"

दुसऱ्या दिवशी पावसाची भुरभुर होती. गाव आमच्या दारात जमलं. मी देवघरातून बाटली आणली, अंगावर धुतलेलं धोतर. गाव मागून चाललं. चुलतभाऊही मागून चालला, पण त्याच्या काखेत काहीतरी होतं, धडप्यात गुंडाळलेलं. त्यानंही कुठून तरी आणली होती. मी देऊ शकलो नाही तर तो देणार.

शिवेवर कोंबडं झालं, भाकरी झाली. देवापुढच्या धुनीत निखारे होते, गुरवानं वर पोतं धरलं होतं. मी बूच काढलं. चुलतभाऊ पुढं झाला, त्यानं वास घेतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "म्हसोबाचं पोट दुखतंय काय रं?"

गाव हसलं. बायका पदरात हसल्या. पाटलानं बाटली हुंगून पंचाकडं दिली, पंचानं दुसऱ्या पंचाकडं.

"ओवाच की ह्यो."

"चहा गेला आन ओवा आला."

"घरच औषधाचं हाय, राव!"

सुभेदार म्हणाले, "मी चाखली आहे, फर्स्ट क्लास आहे," आणि त्यावर सगळे आणखी हसले.

चुलतभाऊ धडपं सोडायला लागला. मी म्हणालो, "थांब. धार धरल्याबिगर ठरत न्हाई."

म्हातारा गुरव म्हणाला, "बराबर हाय. इस्तवावर धरा. पेटली तर दारू, इझली तर पानी. पयल्यापासनं तसंच हाय."

मला तेव्हा कळलं, की मी इतके महिने काय केलं ते मला स्वतःला आत्ता कळणार आहे. गावाला जेव्हा कळेल तेव्हाच मला. मी दोन्ही हातांनी बाटली धरली आणि धार सोडली.

चर्र झालं. पांढरा धूर उठला, ओव्याचा वास सगळ्या शिवेवर गेला. निखारा काळा पडला. चुलतभाऊ हसला आणि धूर ओसरला का बघायला धुनीवर वाकला.

तेव्हा पेटली. निळी, पातळ, गुरवाच्या पोत्याला लागेल एवढी उंच. चुलतभावाची डावी मिशी गेली. तो ओरडला नाही, त्याचं हे मी मानतो. मिशीवर हात ठेवून तो मागं सरला. मी हात थांबवला नाही. बाटली पालथी होईपर्यंत धार धरली, शेवटचा थेंब फुगला, लोंबला आणि पडला. पाटलानं हात जोडले. मग सगळ्यांनी जोडले.

जाताना चुलतभाऊ म्हणाला, "दारू हाय, पन ओव्याची हाय." त्याची बाटली धडप्यातच राहिली. त्या संध्याकाळी सुभेदार त्याच्या घराकडं जाताना दिसले.

हंडा परत आला नाही. पितळेचा आला, बारका, नाव तेवढंच मोठं. चाचांनी मला पुढं एक वेगळं भांडं करून दिलं, बिननावाचं, आणि बंदी सैल होऊन दुकानं उघडेपर्यंत दरसाल एक बाटली म्हसोबाला माझ्या हातची गेली. ओवा त्याच भांड्यात काढायचो, तेव्हा वास राहिलाच. एके वर्षी मी भांडं राखेनं, चिंचेनं घासून वास घालवला, तर धार धरल्यावर लोक एकमेकांकडं बघायला लागले. गुरव म्हणाला, वास आला नाही, देवाला पोचलं का नाही कळेना. पुढच्या वर्षीपासून मी घासलं नाही.

आता म्हसोबाच्या दोन्ही अंगाला कंपनीच्या भिंती आहेत. अवसेला पहिल्या शिफ्टची पोरं हेल्मेट घेऊनच दर्शनाला येतात. बाटली दुकानातून येते, सीलबंद, इंग्रजी. चुलतभाऊ जाईपर्यंत काठी टेकत यायचा. शेवटच्या वर्षी मराठवाड्यातून आलेल्या एका पोरानं विचारलं, बाटलीत ओवा कशाला टाकता. चुलतभावानं मिशीवरून हात फिरवला, ती डाव्या बाजूला नीट आली नाहीच कधी, आणि म्हणाला, "आमच्या म्हसोबाला पयल्यापासनं ओवा लागतो. त्याबिगर धार मान्य न्हाई. पूर्वजांपासनं चालत आलंय."

मी तिथंच उभा होतो, धार माझ्याच हातात होती. मी त्याचं बोलणं दुरुस्त केलं नाही. खिशातली ओव्याची पुडी सोडली, बाटलीत टाकली आणि निखाऱ्यावर धरली.